मिनी मालदीवच्या तळाशी

ते रील तुम्हीही पाहिलं असेल. ड्रोन हळूहळू वर जातो. खाली निळं पाणी, कडेला लाकडी डेक, डेकला लागून स्विमिंग पूल, पुलात तरंगणारा ट्रे आणि ट्रेमध्ये कलिंगडाच्या फोडी. मागे हिरवे डोंगर. वर ठळक अक्षरांत मजकूर: ‘पुण्याजवळ मिनी मालदीव! ज्याच्यासोबत जायचंय त्याला टॅग करा.’

मलाही टॅग केलं होतं. ऑफिसच्या ग्रुपवर दोन दिवस मतदान चाललं, माणशी किती पडतील याचा हिशेब झाला आणि एका शनिवारी सकाळी सेनापती बापट रोडवरून आमची बस सुटली. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मग वळणं, मग झाडांमधून दिसणारं मुळशीचं पाणी. बसमध्ये एकच ओरडा झाला आणि चोवीस फोन खिडकीला लागले. त्यात माझाही होता.

गेटवर नारळाच्या करवंटीत वेलकम ड्रिंक मिळालं. मुळशी ही भाताची जमीन, नारळाची नव्हे. पण बांबूचे टेकू लावून उभे केलेले चार माड होते. काम करणारी मुलं फुलाफुलांच्या हवाई शर्टात होती. फळ्यावर दिवसाचा कार्यक्रम लिहिला होता: कयाकिंग, झिपलाइन, रेन डान्स, सूर्यास्ताला ‘आयलंड नाइट’. जेवणात बालीचा म्हणून एक भात होता. आंबेमोहोर नव्हता. ज्या खोऱ्याच्या आंबेमोहोराची एकेकाळी ख्याती होती, तिथे बसून आम्ही बालीचा भात खाल्ला.

रात्री शेगडीजवळ उभा असलेल्या मुलाला मी सहज विचारलं, ‘तू इथलाच का?’

‘हो दादा. आमचं गाव त्या वरच्या अंगाला.’ त्याने चिमट्याने पाण्यापलीकडचा अंधार दाखवला. ‘आधीचं इथं खाली होतं.’

‘खाली म्हणजे?’

‘पाण्यात. पणजोबांच्या वेळी.’ बाथरूम कुठे आहे हे सांगावं इतक्या साध्या आवाजात तो म्हणाला. मग म्हणाला, ‘लेमन मिंट संपलंय, ब्लू लगून आणू का?’

मला अपराधी वाटलं म्हणून मी हे लिहीत नाही. वीकेंडची अपराधी भावना सोमवारच्या स्टँडअप मीटिंगपर्यंतसुद्धा टिकत नाही. मी लिहितोय कारण त्या दोन दिवसांचे पैसे देऊन आपण नेमकं काय विकत घेतलं, ते मला नंतर कळलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. बेटावरची सुट्टी म्हणून आपल्याला जे विकलं जातं त्यात समुद्र, वाळू, माड हे सगळं वरचं सामान असतं. खरा माल असतो तो तिथं दुसरं कुणी नसणं. ‘सिक्लुडेड’, ‘अनटच्ड’, ‘प्रायव्हेट लेक व्ह्यू’ या सगळ्या शब्दांचा अर्थ एकच: समोर पाहाल तिथे माणूस दिसणार नाही याची हमी. मुळशीत ही हमी निसर्गाने दिलेली नाही. इथलं माणसांचं नसणं शंभर वर्षांपूर्वी कायद्याने आणि पोलीस बंदोबस्तात घडवून आणलेलं आहे. त्याबद्दल एक अक्षरही न बोलता आज त्याचं भाडं वसूल केलं जातं, आणि आपण ते आनंदाने भरतो.

तलाव कुणाचा?

पहिली गोष्ट म्हणजे मुळशीचा तलाव हा तलाव नाही, तो धरणाचा फुगवटा आहे. निळा आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण बांधायला घेतलं. पन्नासाहून अधिक गावांच्या शेतीवर, घरांवर त्याने गदा येणार होती. जमीन कंपनीला हवी होती आणि ती मिळवून देत होतं ब्रिटिश सरकार, 1894 च्या भूसंपादन कायद्याने. काम लोकोपयोगी आहे, असं सांगितलं गेलं. मुंबईच्या गिरण्यांना वीज लागणार होती, रेल्वेला लागणार होती.

16 एप्रिल 1921, रामनवमी. मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम बंद पाडलं. इथून मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही त्यातली मोठी नावं. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा. पुरुष तुरुंगात गेले, बायकाही गेल्या. लढा 1924 पर्यंत चालला आणि हरला. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच मुळशीला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात.

आता आमची बस कुठून सुटली होती ते आठवा.

मुंबईकरांनीही हसू नये. ज्या गिरणगावासाठी ही वीज हवी होती तिथल्या काही गिरण्यांच्या आवारात आज मॉल आणि पब आहेत. पत्ता: सेनापती बापट मार्ग, लोअर परळ. शुक्रवारी रात्री सेनापतींच्या रस्त्यावर बसून प्लॅन करायचा आणि शनिवारी सेनापती जिथे हरले तिथे जाऊन ‘चिल’ करायचं. ही थट्टा कुणी ठरवून केलेली नाही, म्हणून ती जास्त लागते.

या लढ्याची आणखी एक बाजू आहे आणि ती आजच्या कामाची आहे. खोऱ्यातली बरीच जमीन कागदावर पुण्याच्या सावकारांची होती. कसणारे होते ते कूळ. मोबदल्याचे आकडे पुढे आले तसे सावकार तडजोडीकडे वळले. कागद ज्याच्या हातात त्याला पैसे मिळाले. नांगर ज्याच्या हातात होता त्याला डोंगराची वरची बाजू मिळाली. म्हणून ‘जमीन स्थानिकांनीच विकली ना?’ असं आज कुणी विचारलं की मला आधी विचारावंसं वाटतं, कुठल्या स्थानिकांनी? सातबारा कुणाच्या नावावर होता आणि शेतात कोण राबत होतं?

धरणाचं पाणी पुढे कुठे जातं हेही बघा. मुळा ही पुण्याकडे, भीमेकडे, शेवटी कृष्णेकडे जाणारी नदी. धरणाने तिचं पाणी अडवून उलट पश्चिमेला वळवलं आणि सह्याद्रीच्या कड्यावरून खाली रायगड जिल्ह्यातल्या भिरा इथे सोडलं. 1927 मध्ये तिथलं वीजकेंद्र सुरू झालं. तेच पाणी वीज करून झाल्यावर कुंडलिका नदीत जातं. कोलाडला सकाळी लवकर राफ्टिंगला जायचं असतं ते का, कधी विचारलंत? नदीला तेवढं पाणी वीजकेंद्राच्या वेळापत्रकाने येतं म्हणून. म्हणजे वर मुळशीत कयाक आणि खाली कोलाडला राफ्ट, दोन्हीकडे आपण एकाच धरणाच्या पाण्यावर खेळतो आणि दोन्हीकडे त्याला ‘कच्चा निसर्ग’ म्हणतो. हे पाणी पूर्वेला परत द्या, ही मागणी दुष्काळाच्या वर्षांत पुन्हा पुन्हा उठते. ती बरोबर की चूक यावर वेगळा लेख होईल. पण सह्याद्रीतल्या कितीतरी गावांना पावसाळ्यात छपरावर धो-धो आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडा, हे नवीन नाही. ज्या पाण्याला इतकी भांडणं चिकटलेली आहेत त्याच्या कडेला ‘नो वरीज’ लिहिलेली पाटी लावायला जाड कातडी लागते.

‘मिनी’ नावाचा रोग

सगळीकडे हेच आहे. कोयनेच्या फुगवट्यावरचं तापोळा ‘मिनी काश्मीर’ झालं. पवनेच्या काठावर तंबूंच्या रांगा लागल्या, त्यांच्यासमोरच्या पाण्यात वाघेश्वराचं जुनं मंदिर वर्षातले कितीतरी महिने बुडालेलं असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं आणि मग त्याचंही रील होतं. त्याच पवनेचं पाणी बंद पाइपलाइनने शहराला न्यायला विरोध करणाऱ्या तीन शेतकऱ्यांचा 9 ऑगस्ट 2011 रोजी एक्सप्रेस वेवर गोळीबारात जीव गेला. तंबूच्या पॅकेजमध्ये बार्बेक्यू आहे, गिटार आहे, ही गोष्ट नाही.

आणि मुळशी तालुक्यातच तर याचं सगळ्यात मोठं उदाहरण उभं आहे. लवासा. मोसे नदीवरच्या वरसगाव धरणाच्या काठाला इटलीतल्या पोर्टोफिनोसारखं दिसणारं शहर. दासवे गावाला इटालियन रंग दिला गेला. 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला सांगितलं, 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. रंग उडाले, पण सेल्फी चालू आहेत.

एखाद्या जागेला ‘मिनी अमुक’ म्हणणं हे कौतुक नाही. तिला स्वतःचं असं काही नाही, हे त्यातून आपण जाहीर करतो. मालदीवला कुणी ‘मिनी मुळशी’ म्हणत नाही. पाण्याने जमीन गेली, घरं गेली, देवळं गेली. नाव तेवढं शिल्लक होतं. ते आता आपण आपल्या हाताने, हॅशटॅग लावून पुसतोय.

रविवार बंद, रिसॉर्ट चालू

‘मग जायचंच नाही का?’ हा प्रश्न येणार, आणि तो रास्त आहे.

मी स्वतः दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. आठवडाभर स्क्रीनकडे बघून डोळे कोरडे पडतात. शहरात बसायला जागा नाही, नदीकाठाला वास येतो, टेकड्यांवर बांधकामाचा डोळा आहे. अशा माणसाने शनिवारी पाण्याकडे धावणं हा गुन्हा नाही. ‘आजकालची पोरं धबधब्यावर दारू पितात’ एवढं म्हणून हात झटकणाऱ्या ज्येष्ठांशी माझं जमत नाही. मोकळ्या हवेची भूक खरी आहे. तिच्यावर धंदा कुणाचा चालतो हा माझा प्रश्न आहे.

दोन तारखा बघा. 30 जून 2024, लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. 15 जून 2025, मावळातल्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला, चार जण गेले. दोन्ही दिवस रविवार होते. दोन्ही ठिकाणी तिकीट नव्हतं. जे लोक गेले ते तरंगत्या ट्रेमध्ये नाश्ता करणारे नव्हते; दुचाकीवर, भाड्याच्या गाडीत, डबा घेऊन आलेले होते.

अशा घटनांनंतर सरकार काय करतं? मनाई आदेश काढतं. धबधब्यात उतरू नका, धरणाच्या काठाला थांबू नका, अमुक वेळेनंतर इकडे फिरकू नका. ताम्हिणीही त्यात येते. जीव वाचवण्यासाठी तातडीचा उपाय म्हणून हे समजू शकतं. पण वर्षानुवर्षं एवढंच होत राहिलं तर त्याचा परिणाम सरळ आहे: फुकटचा निसर्ग बंद, तिकिटाचा निसर्ग चालू. ज्याला रात्रीचे आठ-दहा हजार परवडतात त्याला जीवरक्षक, लाइफ जॅकेट, कठडा. ज्याला नाही त्याला पोलिसाची शिट्टी. कठडे आणि जीवरक्षक सार्वजनिक ठिकाणी का नकोत? रविवारी किती माणसं सोडायची याचा हिशेब पुलाच्या तोंडाशी का नको? लोकोपयोगी म्हणून घेतलेल्या पाण्याकडे उतरायला लोकांसाठी एक साधा, पायऱ्यांचा, सुरक्षित घाट का नको, जिथे शहरातला डिलिव्हरी बॉय आणि पलीकडच्या गावची आजी दोघंही पैसे न देता बसू शकतील?

दुसरा आक्षेप रोजगाराचा. ‘रिसॉर्ट आले म्हणून पोरांना काम मिळालं.’ खरं आहे. चिमटा धरलेल्या त्या मुलाचा पगार खरा आहे आणि मी त्याच्याकडून तो काढून घ्यायला निघालेलो नाही. पण 1921 मध्येही हेच सांगितलं होतं: वीज येईल, प्रगती होईल, सगळ्यांचं भलं होईल. वीज आली, पण मुंबईला. ‘मुळशी पॅटर्न’ (2018) तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. त्यातले डायलॉग पाठ आहेत, स्टेटसला ठेवलेत. पण तो सिनेमा गुंडांची गोष्ट सांगतो त्याआधी जमीन विकलेल्या बापाची गोष्ट सांगतो. विकलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या गेटवर तिथल्याच माणसाने वॉचमन म्हणून उभं राहायचं, आणि गाडी आली की सलाम करायचा. याला रोजगार म्हणता येईल, विकास म्हणताना जीभ अडखळायला हवी.

मालदीवचीच नक्कल करायची तर

आता खुद्द मालदीवबद्दल. तिथे पर्यटन 1972 च्या सुमारास सुरू झालं आणि त्याचा साचा ठरला: एक बेट, एक रिसॉर्ट. रिसॉर्टची बेटं वेगळी, माणसांची बेटं वेगळी. पाहुणा विमानतळावरून थेट बोटीने रिसॉर्टवर जायचा, देशातली माणसं त्याला भेटायची ती फक्त युनिफॉर्ममध्ये. कितीतरी वर्षं असं चाललं. मग 2009 च्या आसपास वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस काढायला परवानगी मिळाली. साध्या घरांनी दोन-चार खोल्या काढल्या. पर्यटकांचे पैसे पहिल्यांदा गल्लीत आले आणि बऱ्याच कमी खर्चात, माणसांमध्ये राहून मालदीव बघता येऊ लागलं.

म्हणजे आपण मालदीवची जी नक्कल करतोय ती त्यांच्या जुन्या मालाची आहे. निर्जन बेटाचं स्वप्न त्यांनाही पुरलं नाही.

आणि आपल्याला तर मालदीवपर्यंत जायचीही गरज नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक तिथे येतात. उतरतात गावकऱ्यांच्याच घरात, पडवीत गाद्या टाकून. जेवतात त्या घरात जे शिजेल ते. पहाटे सगळे मिळून किनाऱ्यावर जातात आणि दोरीच्या अलीकडे गप्प उभे राहतात, कारण आवाज करू नका असं गावानेच सांगितलेलं असतं. पूल नाही, डीजे नाही. पण यजमान कोण आणि पाहुणा कोण, याबद्दल कुणाच्या मनात गोंधळ नसतो.

मुळशीत हे अशक्य आहे का? राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं, शेतकऱ्याने स्वतःच्या शेतावर पाहुणे ठेवावेत यासाठीच. अवघड आहे ते आपलं गिऱ्हाइकी डोकं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘मी पैसे मोजलेत, मला नजरेसमोर कुणी नको.’ पाहुणा दारात चप्पल काढतो आणि विचारतो, ‘पाणी कुठून भरता?’

मागण्या साध्या आहेत. पाण्याकाठच्या ग्रामपंचायतींना पर्यटनाच्या पैशात वाटा आणि परवानगीत मत हवं. सार्वजनिक घाट हवेत. प्रत्येक रिसॉर्टच्या गेटवर, वेलकम ड्रिंकच्या शेजारी, समोरच्या पाण्याखाली कुठकुठली गावं आहेत याची पाटी हवी. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम आहेच, तो पाळा. पाण्यावरून आवाज लांब जातो. आपली ‘आयलंड नाइट’ पलीकडच्या वस्तीत बाळंतिणीला झोपू देत नाही.

आणि आपल्याकडून, म्हणजे तुमच्या-माझ्याकडून? जा. जरूर जा. जमलं तर गेटच्या आत नाही, घराच्या आत राहा. आंबेमोहोर मागा, नसेल तर का नाही ते विचारा, उत्तर लांबलचक मिळेल आणि ते ऐकण्यासारखं असेल. आपला कचरा आपल्या बॅगेत परत आणा. हे सेनापतींच्या पाहुण्यांना तर सांगायलाच नको. तो माणूस हातात झाडू घेऊन रस्ते साफ करायचा.

आमच्या त्या ट्रिपचा ग्रुप फोटो अजून ऑफिसच्या बोर्डावर आहे. सगळे हसतायत, मीही हसतोय. खाली लिहिलंय ‘आयलंड वाइब्स’. मागच्या आठवड्यात मी पेन घेऊन त्यावर काट मारली आणि बाजूला ‘मुळशी’ लिहिलं. खरं तर मला त्या मुलाच्या पाण्यातल्या गावाचं नाव लिहायचं होतं. पण त्या रात्री मी ते विचारलंच नव्हतं. ब्लू लगून घेतलं आणि डेकवर परत गेलो होतो.

तुम्ही जाल तेव्हा विचारा.